शीतपेयाचा नवा कारखाना: पंप थांबवायचा अधिकार कोणाकडे?

विहीरकाठ

नव्या शीतपेय कारखान्याचा पर्यावरण व सामाजिक व्यवस्थापन आराखडा उघडा, एक वाक्य हमखास सापडेल: 'भूजल पातळीवर नियमित देखरेख ठेवली जाईल.' ठेवा की. पण पातळी घसरलेली दिसली तर पुढे काय? उपसा किती कमी करायचा, कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवसांत? तिथे आराखडा गप्प. माझं मत सरळ आहे. किती मीटर घसरण झाली की किती उपसा कमी, हे आकड्यात लिहिलेलं नसेल आणि तो कमी करायला लावणारा माणूस कंपनीबाहेरचा नसेल, तर बाकीची तीनशे पानं कितीही देखणी असोत, परवानगी देऊ नये.

प्लाचीमाडा आठवा. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात कोका-कोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला. दोन वर्षांत विहिरींचं पाणी आटल्याच्या आणि बिघडल्याच्या तक्रारींवरून आंदोलन उभं राहिलं, त्यात आदिवासी बायका पुढे होत्या. २००३ मध्ये पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, मार्च २००४ मध्ये उत्पादन थांबलं. खत म्हणून शेतकऱ्यांना दिलेल्या गाळात कॅडमियम आणि शिसं निघालं ते वेगळंच. २०१० साली राज्याच्या उच्चाधिकार समितीने नुकसान २१६ कोटींवर धरलं. भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमायचं विधेयक २०११ मध्ये विधानसभेत मंजूर झालं, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. सुरू करताना एक अट नीट लिहिली असती तर यातलं बरंच टळलं असतं.

फिल्टरप्रेस

सांडपाणी प्रक्रियेत आयुष्य गेलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. प्लाचीमाडाचं अर्धंच सांगितलंत. डिसेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने भूजल ही सार्वजनिक ठेव असल्याचं म्हटलं, ते सगळे सांगतात. पण २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तज्ज्ञांच्या अहवालावर विसंबून दिवसाला ५ लाख लिटर उपशाला परवानगी दिली होती, ते कोणी सांगत नाही. घसरण नेमकी कोणामुळे झाली, हा प्रश्न सोपा नाही. पाऊस कमी पडतो, भोवतालच्या शेतांत नव्या बोअर होतात, आणि मोजमाप असतं एकट्या कारखान्याचं, कारण मीटर त्याच्याच पंपाला असतो. उद्या शेजारच्या बागायतीने पाणी ओढलं आणि तुमच्या आकड्यामुळे कारखाना बंद पडला, तर तो न्याय कसला?

शिवाय आधुनिक कारखान्यात एक लिटर पेयाला एकूण दीड ते दोन लिटर पाणी लागतं. काचेच्या बाटल्या परत घेऊन धुतल्या तर जास्त. खरं पाणी जातं साखरेत, म्हणजे उसाच्या नाही तर बीटच्या शेतात. अर्ध्या लिटरच्या साखरी पेयाचा सगळा जलठसा, म्हणजे शेतापासून बाटलीपर्यंत लागलेलं एकूण पाणी, १५० ते ३०० लिटर निघतो, तो जवळजवळ पूर्ण कच्च्या मालाचा. फाटकासमोर घोषणा देऊन तो कमी होणार नाही.

धोका मला दिसतो तो गटारात. साध्या गोड पेयात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. हिशोब केलात तर त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या वर जातो. घरगुती मैलापाण्याचा असतो पाचशेच्या घरात. म्हणजे एक लिटर पेय गटारात ओतणं हे दोनशे लिटर मैलापाणी सोडण्यासारखं आहे. आणि ओतलं जातंच. चव बदलताना पाकाची टाकी आणि पाइप धुतात, त्याचं पहिलं पाणी अक्षरशः सरबत असतं. मुदत संपलेला माल बाजारातून परत येतो, तो रात्रपाळीला फोडून टाकायची घाई असते. हे सगळं समतोल टाकीत, म्हणजे कमीजास्त सांडपाणी साठवून एकसारखं करणाऱ्या टाकीत, न जिरवता एकदम सोडलं की बिनहवेच्या टाकीत आम्ल साचतं, घाण पचवणारे जिवाणू मरतात, आणि संयंत्र ठिकाणावर यायला कित्येक आठवडे जातात. एवढे दिवस सांडपाणी कुठे जातं, ते विचारा. आराखड्यात पाहायचंच असेल तर समतोल टाकी किती तासांची आहे आणि परत आलेल्या मालाचं काय करणार, ही दोन पानं पाहा.

जमाखर्च

दोघांचं ऐकलं. गुंतवणूकदार कुठे पैसा घालणार, हे कोणीच बोलत नाही. मेक्सिकोत मेक्सिकालीला कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या अमेरिकी मद्य कंपनीची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, निम्म्याहून जास्त बांधून झाली होती. मार्च २०२० मध्ये सरकारने दोन दिवसांचं जनमत घेतलं. मतदान अगदी किरकोळ झालं, त्यातल्या ७६ टक्क्यांनी विरोध केला आणि प्रकल्प रद्द. 'कंपनीबाहेरच्या माणसाच्या हातात पंपाची चावी' म्हणजे शेवटी हेच. रोजगार गेला, कर गेला, उभा सांगाडा राहिला.

विहीरकाठ

@जमाखर्च, मेक्सिकाली माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. कोलोराडो नदीच्या पाण्यावर जगणारा वाळवंटी प्रदेश तो. पाण्याचा प्रश्न भिंती उभ्या राहिल्यावर विचारला गेला, हीच तक्रार आहे. जागा ठरायच्या आधी विचारला असता तर कंपनीचेही पैसे वाचले असते.

@फिल्टरप्रेस, सांडपाण्याचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि ते इतक्या तपशिलात फार कमी लोक सांगतात. पण 'घसरण कोणामुळे' यावर उपाय आहे. कारखाना सुरू व्हायच्या आधी किमान एक वर्षभर निरीक्षण विहिरींची नोंद घ्यायची, सलग उपसा चाचणी करायची (पंप न थांबवता चालवून पातळी किती उतरते ते पाहायचं), आणि कारखान्याच्या प्रभावाबाहेर पण त्याच खडकातल्या काही विहिरी तुलनेसाठी धरायच्या. दोन्हीकडे सारखीच घसरण असेल तर दोष पावसाचा. फक्त जवळच्या विहिरी खाली गेल्या तर? एवढं भूजलशास्त्र तरी आपल्याला येतं.

आणि सरासरीत लपणारी एक गोष्ट. शीतपेय सगळ्यात जास्त खपतं कडक उन्हाळ्यात, तेव्हाच सगळ्या पाळ्या चालतात. विहिरी सगळ्यात खोल जातात त्याही तेव्हाच. वार्षिक सरासरी उपसा मर्यादेत असूनही दोन महिने शेजारच्या बाईला हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागू शकतं. वार्षिक अहवालात ते दिसणारही नाही.

साधा_प्रश्न

कंपन्या म्हणतात वापरलं तेवढं पाणी जमिनीला परत दिलं. मग भांडण कशाचं?

फिल्टरप्रेस

कुठल्या जमिनीला, हे विचारा. दुसऱ्या खोऱ्यात बंधारा बांधला तर तिथल्या लोकांचं भलं होतं, इथली विहीर भरत नाही. इथे मी विहीरकाठच्या बाजूने. पुनर्भरणाचा हिशोब त्याच जलधरापुरता, म्हणजे विहिरीला पाणी देणाऱ्या जमिनीखालच्या थरापुरता, धरावा.

रस्त्यावरचा

पाण्याशिवायही माणसं राहतात हो तिथे. कारखाना आला की दिवसरात्र मालमोटारी. शाळा सुटायच्या वेळी ट्रक बंद ठेवायचे, एवढी अट घालायला कुठलं शास्त्र लागतं? शीतकरणाचा अमोनिया गळला तर वारा कुठल्या दिशेला, कोणी कुठे पळायचं, हे वस्तीला माहीत असतं का? आणि रोजगाराचं म्हणाल तर, तासाला ४०,००० बाटल्या भरणाऱ्या लाइनवर माणसं लागतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची ठेकेदाराची, हंगाम संपला की घरी. तक्रार वही फाटकावरच्या रखवालदाराकडे. त्याच्याविरुद्धच तक्रार असेल तर?

जमाखर्च

थेट नोकऱ्या कमी, मान्य. वाहतूक, वेष्टनं, दुरुस्ती धरलीत का? आणि विहीरकाठ यांची तुलनेच्या विहिरींची कल्पना कागदावर छान आहे, पण हंगामाच्या ऐन भरात उपसा अर्धा करा म्हटलं तर वर्षाचा धंदाच बुडाला. तो मालक आलाच नाही तर तुमच्या विहिरी सुखरूप, आणि तरुण पोरं शहरात.

फिल्टरप्रेस

इथे मधला रस्ता आहे, आणि तो नवा नाही. राजस्थानातल्या कालाडेराच्या कोका-कोला कारखान्यावर टेरी या दिल्लीच्या ऊर्जा व संसाधन संशोधन संस्थेचा २००८ चा अहवाल आहे. त्यात कंपनीपुढे चार पर्याय ठेवले होते: ताण नसलेल्या ठिकाणाहून पाणी आणा, ताण कमी असताना साठवून ठेवा, कारखाना हलवा किंवा बंद करा. तिथलं उत्पादन शेवटी २०१६ मध्ये थांबलं. साठवणुकीचा पर्याय नव्या कारखान्याला पहिल्या दिवसापासून घेता येतो. पावसाळ्यात टाक्या भरा, उन्हाळ्यात उपसा कमी ठेवा. भांडवली खर्च वाढेल, हंगाम बुडणार नाही.

विहीरकाठ

मग ते असं लिहा: साठवण आधी, पहिली लाइन नंतर. एका पूर्ण उन्हाळ्याचे आकडे पंचायतीच्या फलकावर लागेपर्यंत दुसऱ्या लाइनला परवानगी नाही.

जमाखर्च

अशा अटीवर कर्ज देणारी बँक दाखवा.

विहीरकाठ

इक्वेटर तत्त्वं (प्रकल्पांना कर्ज देताना पर्यावरणाची जोखीम तपासायचे बँकांनी स्वतःहून स्वीकारलेले नियम) मानणाऱ्या बँका मोठ्या जोखमीच्या प्रकल्पांत पर्यावरण कृती आराखडा पाळायची अट कर्जकरारातच घालतात. जागतिक बँक गटातली, खासगी कंपन्यांना कर्ज देणारी आयएफसीही २०१२ च्या निकषांवर तेच करते. तिथे कर्जाचा हप्ता अडकू शकतो म्हटल्यावर मालक मुकाट्याने अट पाळतो. तीच अट पंचायतीच्या परवान्यात घातली की मात्र गुंतवणूक पळते म्हणे.

जमाखर्च

बँक करार पाच वर्षांनी बदलत नाही. पंचायत बदलते. या फरकाचं काय करायचं, ते सांगा, मग सही करतो.