रीलवाले मास्तर आणि आपलं इंग्रजी: तुमचे अनुभव लिहा

परवा मी 'वेडनेसडे' म्हणालो आणि भाचीने पकडलं. "मामा, त्यातला डी म्हणायचा नसतो, रीलमध्ये सांगितलंय." बरोबर होतं पोरीचं. पण मग तिने माझं 'शेड्यूल'ही मोडीत काढलं. 'स्केजूल' म्हणायचं म्हणे. एक उच्चार ब्रिटिश, दुसरा अमेरिकन, शब्दकोशात दोन्ही. एवढं मात्र रीलमध्ये नव्हतं. इन्स्टा-यूट्यूबवरच्या या मास्तरांमुळे 'चांगलं इंग्रजी' म्हणजे काय, हे तुमच्या डोक्यात बदललं का?

पाचवीएबीसीडी: २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी सहावीत. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली बॅच. तरी पुण्यात बारा-तेरा वर्षं क्लायंटशी बोलतोय, कुणाचं काही अडलं नाही. मग एक रील दिसली, 'हे शब्द वापरता? मग तुमचं इंग्रजी गावठी.' यादीत 'प्रीपोन' होता. दुसऱ्याच दिवशी मीटिंगमध्ये तो शब्द ओठांवर आला आणि मी गिळला. दुसरा आठवेपर्यंत विषय पुढे गेला होता. नंतर कळलं, 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे! तेव्हापासून मीटिंगमध्ये बोलण्याआधी मनात वाक्य तपासायची खोड लागलीय, ती काही जात नाही.

रजाअर्ज: 'व्हेरी सॅड म्हणू नका, डिव्हास्टेटेड म्हणा.' म्हटलं. चुलतबहिणीच्या लग्नाला रजा नाकारली म्हणून तसं मेलमध्ये लिहिलं. मॅनेजरचा घाबरून फोन, घरी सगळं ठीक ना? रजा मिळाली.

खडूफळा: जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सातवीतली पोरं 'हे गाइज, व्हॉट्स अप' असं म्हणतात की वाटावं अमेरिकेहून आलीत. काल काय केलंस विचारलं की 'आय गो'. पण नुसती नावं कशी ठेवू? एक मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती. रील बघून नक्कल करता करता तीच आता परिपाठाला इंग्रजीत बातम्या सांगते. चुकते, हसते, पुढे वाचते. माझ्याच्याने दोन वर्षांत हे झालं नव्हतं.

मँचेस्टरकर: रीलवरचा 'ब्रिटिश अ‍ॅक्सेंट' घोटून इथे आलो. पहिल्याच दिवशी बसवाला 'यू ऑलराइट, लव्ह?' म्हणाला, मी त्याला सर्दीची हकीकत सांगितली. तो अ‍ॅक्सेंट अजून भेटायचाय. आपल्यासारखीच इथेही बारा कोसांवर भाषा बदलते.

खिसाकापला: आधी फुकट रील, मग ९९ रुपयांचा वेबिनार, मग काही हजारांचा कोर्स. पहिल्या दिवशीचा धडा: आरशासमोर उभं राहून बोला. आरसा घरचाच.