मदत हवी आहे: पावसाळ्यात गिटारचा सुटलेला ब्रिज चिकटवण्याबाबत

नमस्कार. ठाण्यातील माझ्या छोट्या कार्यशाळेत मी हाताने गिटार बनवतो व दुरुस्त करतो. सध्या आलेल्या एका गिटारचा शिसवी ब्रिज (तारा अडकवण्यासाठी गिटारच्या पुढच्या फळीवर चिकटवलेली लाकडी पट्टी) मागच्या कडेने इतका सुटला आहे की फटीत पोस्टकार्ड सहज सरकते, आणि त्याखालची स्प्रूस लाकडाची फळीही किंचित फुगली आहे. जुना गोंद खरवडून मी सुमारे ६० अंश सेल्सिअसला तापवलेला सरस (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद) वापरणार आहे, कारण तो ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो आणि पुढच्या कारागिराला लाकूड फाडावे लागत नाही. मात्र गिटारला ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते, आणि माझा आर्द्रतामापक आठवडाभर ८५ च्या खाली उतरलेला नाही. चिकटवण्यापूर्वी गिटार डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा कमी करणारे यंत्र) लावलेल्या खोलीत किती दिवस ठेवावी, आणि ठाणे किंवा नवी मुंबईत चांगला सरस कोठे मिळतो, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.