विषय: नोव्हेंबरातील कोल्हापूर आणि कॅमेऱ्याची पिशवी

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपल्यावर माझे यजमान आणि मी काही आठवड्यांसाठी कोल्हापूरला जात आहोत. सासर तिथलेच असल्यामुळे राहण्याजेवणाची चिंता नाही. चिंता आहे ती कॅमेऱ्याच्या पिशवीची. माझ्याकडे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, २४-१०५ एफ/४, १६-३५ एफ/४ वाइड, ३५ एफ/१.८ आणि दूरचे टिपणारी ७०-२०० एफ/२.८ टेली या लेन्स, मध्यम वजनाचा ट्रायपॉड आणि हौसेने घेतलेला छोटा ड्रोन एवढा संसार आहे. सगळे न्यावे तर हातातल्या सामानाची वजनमर्यादा ओलांडते, न न्यावे तर जीव हळहळतो. अंबाबाईचा किरणोत्सव, पन्हाळा, खिद्रापूर आणि जमल्यास एखादी तालीम टिपावी असे मनात आहे. यांपैकी कुठे काय चालते आणि कोणती लेन्स खरोखर वापरली जाते, हे माहीतगारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

*

प्रेषक: माजी सभासद, सध्या मुक्काम कोल्हापूर

ताईंना सप्रेम नमस्कार.

ड्रोन, ट्रायपॉड आणि ७०-२०० या तिन्ही वस्तू घरी ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. ७०-२०० चे कारण सोपे आहे: खाली सांगतो त्या ठिकाणी १०५ मिलिमीटरपुढे जावे लागत नाही. उरलेल्या दोघांची कारणे वेगवेगळी आहेत.

ड्रोनच्या बाबतीत तर पर्यायच नाही. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार परदेशातून तयार ड्रोन भारतात आणण्यास बंदी आहे. संशोधन व विकास, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच तिला अपवाद असून, हौशी छायाचित्रकार त्यांत बसत नाही. ‘माझा ड्रोन अडीचशे ग्रॅमपेक्षा हलका आहे, म्हणून चालेल’ असा समज अनेकांचा असतो. परंतु वजनाची ती सवलत देशातील उड्डाणाच्या नियमांपुरती आहे, आयातीला ती लागू नाही. कस्टममध्ये ड्रोन अडकला तर सुट्टीचे पहिले दिवस विमानतळाच्या कागदपत्रांत जातील.

ट्रायपॉडचे कारण निराळे आहे. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि पन्हाळ्यावरील महत्त्वाच्या वास्तू पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. अशा ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही, मात्र ट्रायपॉड उभा करायचा तर आधी परवानगी काढावी लागते, आणि चार दिवसांच्या पाहुण्याने त्या खटपटीत पडण्यात अर्थ नाही. पंचगंगेच्या घाटावर किंवा महाद्वार रस्त्यावर तो उभा कराल तर गर्दीतल्या आजीबाईंचा पाय त्यात अडकेल आणि चार शब्द ऐकावे लागतील, तेही खास कोल्हापुरी.

आता किरणोत्सव. तो ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला असतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचावेत, अशी या मंदिराची रचना आहे. ढग, क्षितिजावरचे धुरके आणि वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे दर वेळी ते पूर्ण पोहोचतातच असे नाही. गाभाऱ्यात छायाचित्रण करता येत नाही, त्यामुळे त्या क्षणासाठी कॅमेरा न नेता नुसते दर्शनाला जावे हे उत्तम. छायाचित्रकाराचा विषय बाहेर आहे. सूर्य कलू लागला की, म्हणजे सहाच्या थोडे आधी, महाद्वार रस्त्यावर फुले, ओटीचे साहित्य आणि हळदीकुंकू विकणाऱ्यांच्या तोंडावर समोरून तिरपा पिवळा उजेड येतो. तिथे २४-१०५ पुरेशी आहे.

खिद्रापूरविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथे लेन्सची निवड खरोखर महत्त्वाची ठरते. कोल्हापूरहून हे गाव सुमारे ६० किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी आहे. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिरासमोर जो स्वर्गमंडप आहे, त्याच्या छताला मधोमध मोठे वर्तुळाकार छिद्र असून त्याखाली तेवढीच मोठी गोल शिळा आहे. मंडपाला एकूण ४८ खांब आहेत, त्यांपैकी आतले बारा त्या वर्तुळाच्या कडेने उभे आहेत. बहुतेक जण मध्यभागी उभे राहून मान वर करतात आणि जे छायाचित्र मिळते त्यात आकाश पांढरेफटक आणि खांब काळेकुट्ट दिसतात. तुमची १६-३५ पिशवीत असावी ती याच जागेसाठी. शिळेच्या बरोबर मध्यावर रुमालाची चौपदरी घडी ठेवून तिच्यावर कॅमेरा उताणा ठेवावा, पडदा उलगडता येत असेल तर तो बाजूला काढून वर्तुळ चौकटीच्या मध्यावर आणावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि −२, ० व +२ अशी, म्हणजे एक गडद, एक मध्यम व एक उजळ, तीन एक्स्पोजर घ्यावीत. कॅमेरा जमिनीवर स्थिर असल्याने ट्रायपॉडची उणीव भासत नाही, तिन्ही छायाचित्रे नंतर एकत्र करताना अचूक एकावर एक बसतात, आणि १६ मिलिमीटरला बारा खांबांची डोकी चौकटीत कितपत येतात ते पाहून हवे तर कॅमेऱ्याची दिशा थोडी फिरवता येते. पादत्राणे अर्थातच बाहेर ठेवावीत, आणि कोणी शिळेवर उभे राहून नमस्कार करत असेल तर त्यांचे होईपर्यंत थांबावे.

नोव्हेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून छिद्रातून येणारा उजेडाचा गोल मधल्या शिळेवर नेमका न बसता उत्तरेकडच्या खांबांवर चढतो. खांबांवरील नक्षीकामासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त एक्स्पोजर त्या उजळ भागावर घ्यावे. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे आणि तळाची हत्तींची रांग यांना सकाळचा तिरपा उजेड मानवतो. सकाळी लवकर पोहोचून बाहेरचे काम आधी उरकावे आणि ऊन वर आल्यावर मंडपात यावे. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या छिद्रावर येतो आणि तो पाहायला बरीच गर्दी लोटते. छायाचित्रासाठी ती रात्र मी निवडणार नाही.

त्याच पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात, ते मात्र चुकवू नये. ३५ एफ/१.८ तिथे कामी येते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता) ३२०० पर्यंत बिनधास्त न्या, कारण पणतीच्या उजेडात लावणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. नदीचा काळोख काळोखच राहिला तरी चालते.

तालमीविषयी. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी नावाजलेल्या आहेत. आधी एकदा कॅमेरा न घेता जाऊन वस्तादांची परवानगी घ्यावी, शक्यतो यजमानांच्या ओळखीच्या कोणाला सोबत न्यावे. मेहनत पहाटे सुरू होते. हौद्यातली तांबडी माती हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली असते आणि पैलवान तिला देवासारखे मानतात, म्हणून हौद्याच्या कडेवरूनच छायाचित्रे घ्यावीत आणि फ्लॅश अजिबात वापरू नये. ती बारीक माती हवेत उडत असते, तेव्हा आत लेन्स बदलू नये. ३५ लावूनच आत जावे.

अमेरिकेतून येणाऱ्यांना तालमीत एक अडचण हमखास येते. तिकडे विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, इकडे ५०. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे इथे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात, आणि तिकडच्या सवयीने १/६० किंवा १/१२५ शटर ठेवले की छायाचित्रांच्या उजेडात चढउतार दिसतो, व्हिडिओत तर आडवे पट्टे सरकतात. स्थिर प्रसंगाला १/५० किंवा १/१०० ठेवावे. व्हिडिओसाठी कॅमेरा ‘पाल’ या इथल्या व्हिडिओ पद्धतीवर घेऊन २५ फ्रेम आणि १/५० शटर लावावे. ढाक हा डाव मारताना पैलवान हवेत असतो तेव्हा १/५०० लागतेच. तिथे कॅमेऱ्यातील, दिव्यांची लुकलुक टाळणारी अँटी-फ्लिकरची सोय चालू करावी आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरावे. मिश्र उजेडात त्वचेचा रंग हिरवट येतो, तेव्हा रॉमध्येच, म्हणजे रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्येच, छायाचित्रे घ्या.

पन्हाळ्याचे थोडक्यात सांगतो. अंतर सुमारे २० किलोमीटर. सकाळी सज्जाकोठी, दुपारनंतर तीन दरवाजा, आणि मधल्या कडक उन्हात अंबारखान्याच्या आत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याची जागतिक वारसा यादीत नोंद झाली आहे. शनिवार-रविवार टाळलेले बरे.

तुमच्या यादीत नसलेले एक ठिकाण सुचवतो: गुऱ्हाळ. दिवाळीनंतर शहराबाहेरच्या गावांत गुऱ्हाळे पेटलेली असतात. चुलवाणात चिपाडे जळत असतात, वर काहिलीत रस रटरटत असतो आणि उघड्या बाजूने येणाऱ्या उजेडात वाफेचे लोट पेटल्यासारखे दिसतात. गूळ होत आला की गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळते का ते पाहतो. ती गोळी आणि ती बोटे १०५ मिलिमीटरवर घ्या. लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर असू द्या, कारण वाफेबरोबर येणारा चिकटपणा कोरड्या कापडाने निघत नाही, किंचित ओलसर मायक्रोफायबरने निघतो. तालमीतल्या किंवा गुऱ्हाळातल्या माणसांची छायाचित्रे घेतलीत, तर शहरातल्या एखाद्या लॅबमधून प्रती काढून जाण्यापूर्वी त्यांना नेऊन द्याव्यात. मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्राला ती किंमत नसते.

जाता जाता: खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, तो पाहून घ्या. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा याच गावात तयार केला होता. आपण कोणती लेन्स आणावी यावर खल करतो आहोत.

*

प्रेषक: सभासद, ह्यूस्टन

सर्वांना नमस्कार.

काकांचे पत्र संग्रही ठेवण्याजोगे आहे, तथापि ७०-२०० घरी ठेवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. कोल्हापूरपर्यंत गेल्यावर दाजीपूरच्या जंगलात गवे पाहायला कोण जाणार नाही? तिथे १०५ मिलिमीटरमध्ये गवा म्हणजे एक काळा ठिपका दिसेल. ताईंना वजनाचीच अडचण असेल तर त्यांनी १६-३५ ठेवून द्यावी आणि खिद्रापूरला मोबाइलच्या वाइड लेन्सवर भागवावे.

बॅटऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातल्याच पिशवीत हव्यात. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॉट-तास निघतात. ७.२ व्होल्ट, २२८० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी म्हणजे जेमतेम १६.४ वॉट-तास, म्हणून तिची काळजी नको. पॉवर बँकचे मात्र पाहून घ्या: ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २०,००० ची ७४ वॉट-तासांत बसते, ३०,००० ची १११ वर जाते. प्रत्येक बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.

*

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ड्रोन आणि ट्रायपॉड घरी राहतील. टेलीविषयी मात्र निर्णय होत नाही. शिवाय, चार्जरसाठी ट्रान्सफॉर्मर आणावा लागेल का?

*

प्रेषक: माजी सभासद, सध्या मुक्काम कोल्हापूर

ताई, ह्यूस्टनकरांचे गव्यांबद्दलचे म्हणणे रास्त आहे, परंतु त्यासाठी खिद्रापूरचा बळी देऊ नये. दाजीपूर इथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते, आणि गवे उघड्यावर येतात ते पहाटे किंवा सांजेला. त्या उजेडात २०० मिलिमीटरही तोकडी पडते. दाजीपूरचा बेत पक्का असेल, तर उतरल्यावर मुंबईत किंवा पुण्यात १००-४०० भाड्याने घ्या. ओळखपत्र आणि अनामत रक्कम मागतात, म्हणून आधी फोन करून कागदपत्रे विचारून ठेवावीत. बेत पक्का नसेल, तर टेलीचा विचार सोडून द्या.

ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असेल तर तो इथल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. तिकडून एकच अडॅप्टर आणा आणि त्याला तिकडचीच एक्स्टेंशन पट्टी जोडा, म्हणजे सगळे चार्जर एकाच जागी लागतील. मात्र त्या पट्टीवरही २४० व्होल्ट छापलेले आहे ना, हे पाहून घ्या, कारण सर्ज संरक्षण असलेल्या तिकडच्या पट्ट्या इथे लावल्याबरोबर जळतात. तसे छापलेले नसेल तर पट्टी आणू नका, दोन अडॅप्टर आणा.