पगार लांबवणाऱ्या मालकाकडे हिशेब पाहताना ख्रिस्ती माणसाने कसे वागावे?

घणसोलीकर:
सर्वांना नमस्कार. मी रबाळे एमआयडीसीतील पॅकेजिंगच्या एका लहान कारखान्यात हिशेब पाहतो. कारखान्यात तीसेक कामगार आहेत. बहुतेक मराठवाड्यातून आणि उत्तर प्रदेशातून आलेले, दिघा-तुर्भ्याकडे भाड्याच्या खोल्यांत राहणारे. त्यांचा पगार ७ तारखेला झाला असे रजिस्टरात लिहिले जाते, प्रत्यक्षात तो १८-२० तारखेपर्यंत लांबतो. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या व्हाउचरवर कामगारांच्या सह्या महिन्याच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवतात आणि वर तारीख कार्यालयातून घातली जाते. हे काम पाहणारे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले आणि पुढच्या महिन्यापासून ती तारीख माझ्या हाताने पडणार आहे.

मालक वाईट माणूस नाही. कामगारांच्या मुलांच्या शाळेच्या फीसाठी त्याने स्वतःच्या खिशातून पैसे दिलेले मी पाहिले आहेत. त्याचेच पैसे मोठ्या कंपन्यांकडे अडकतात आणि तो ताण शेवटी सर्वांत खालच्या माणसावर येऊन पडतो. दर रविवारी उपासनेत शास्त्रवाचन करणारा मी सोमवारी तीच लेखणी खोट्या तारखेसाठी उचलू शकत नाही, एवढे मला स्पष्ट आहे. प्रश्न पुढचा आहे. नोकरी सोडणे हाच एक प्रामाणिक मार्ग आहे का? राहायचे असेल, तर विश्वासाशी सुसंगत असे मी नेमके काय करावे? मालक ख्रिस्ती नाही, हेही सांगून ठेवतो.

तलावपाळी:
ठाण्यात तलावपाळीजवळचे आमचे चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचे आहे, आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर मला त्याच्याच तोंडी सापडते. बायबलातील लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार त्याला विचारतात, आम्ही काय करावे? रोमी सत्तेसाठी वसुली करणारी, लोकांच्या तिरस्काराचा विषय झालेली ती माणसे होती, तरी योहान त्यांना नाका सोडून अरण्यात या असे म्हणत नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांनाही तो शस्त्र टाकायला लावत नाही, तर कोणावर जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे सांगतो. कॅथोलिक वाचनक्रमात हा उतारा तीन वर्षांतून एकदा, नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी येतो, आणि ज्याला जिथे पश्चात्ताप करायचा आहे तिथेच, त्याच्या गल्ल्यावर, योहान त्याला उभा करतो, असे तो ऐकताना दर वेळी मनात येते.

नोकरी सोडणारे थोर लोक आपल्या परंपरेत आहेत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. परंतु ते पाचारण वेगळे होते. आपण उद्या राजीनामा दिला तर त्या टेबलावर दुसरा कोणी बसेल, तारीख घालील आणि तीस घरांत २० तारखेपर्यंत उधारीच चालेल.

मात्र विषयाचे गांभीर्य कमी लेखू नये. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ राहू नये, असे जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. ती सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, असे अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आहे. आणि अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असे याकोब नव्या करारातील आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर जे पत्र काढले, त्यात याकोबाच्या याच वचनाचा आधार आहे. म्हणून ही कार्यालयीन सोयीची किरकोळ बाब आहे, असे मनाला कधीही समजावू नका.

वागळे उद्योजक:
मी वागळे इस्टेटमध्ये छोटे युनिट चालवतो, त्यामुळे आपल्या मालकाची बाजू मला आतून ठाऊक आहे. माल जातो, बिल जाते आणि नव्वद-नव्वद दिवस पैसे येत नाहीत. तोवर वीजबिल, जीएसटी आणि कच्च्या मालाचे पैसे थांबत नाहीत. जो थांबवता येतो तो एकच खर्च असतो, पगाराचा, कारण कामगार वकील घेऊन येत नाही. नेमके इथेच विश्वासाचे काम आहे, असे माझे मत आहे.

मालकाला चूक दाखवण्याआधी त्याची वसुली हातात घ्या. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागते. थकवलेल्या बिलाची आयकरातील वजावटही आता खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही, आणि मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग व्याजापेक्षा या गोष्टीला अधिक घाबरतात. त्यासाठी आपल्या कारखान्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, उत्पादक म्हणून असली पाहिजे आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापलेला असला पाहिजे. पैसे आले नाहीत तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, मात्र गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने पुष्कळ मालक तिथवर जात नाहीत. निदान थकबाकीची मुदतवार यादी करून दर आठवड्याला विनम्र पत्र तरी पाठवा. बायबलातील कलस्सैकरांस पत्रात जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असे म्हटले आहे, आणि हिशेबनिसाच्या टेबलावर त्याचा अर्थ चिकाटीने केलेली वसुली असाच होतो.

नेरूळकर:
दोघांचेही म्हणणे पटले, पण एका बाबतीत सावध करावेसे वाटते. घणसोलीकर दादा, मालकाशी बोलताना वचने पुढे करू नका. तो आपल्या शास्त्राला बांधलेला नाही, आणि धर्माच्या आधाराने सुरू झालेले बोलणे पुष्कळदा धर्मावरच येऊन अडते, पगार बाजूला राहतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा ही कायद्याची अट त्यालाही लागू आहे. तिच्याच आधाराने बोला. वचन स्वतःसाठी ठेवा.

तारखेबाबत मात्र तडजोड नको. तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे, ही मत्तयातील प्रभूची आज्ञा व्हाउचरलाही लागू आहे. पैसे हातात पडतील त्या दिवशी सही आणि त्याच दिवसाची तारीख, एवढाच आग्रह शांतपणे धरा. आवाज चढवण्याची गरज नाही. पगार बँक खात्यात जमा करायला सुरुवात झाली तर तारीख घालण्याचा प्रश्नच उरणार नाही.

प्रभूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळ झाल्यावर धनी आपल्या कारभाऱ्याला सांगतो की कामकऱ्यांना बोलाव आणि शेवटच्यापासून सुरुवात करून त्यांची मजुरी दे. आपण सगळे उपदेशात धन्याबद्दल ऐकतो. पैसे प्रत्यक्ष हातावर ठेवणारा तो कारभारी मात्र आपल्या लक्षात राहत नाही. तुम्ही त्या जागी आहात. म्हणून एक विचारते, राग मानू नये: तुमचा स्वतःचा पगार किती तारखेला होतो?

हे मी घरातल्या बायकांनाही विचारते. आमच्या महिला मंडळात उपवास-प्रार्थना नेमाने होतात, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईने तापामुळे दोन दिवस खाडा केला तर पगार कापावा की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या मते कापू नये. आपली आजारपणाची रजा भरपगारी असावी आणि तिची नसावी, याला ख्रिस्ती घरात कोणताही आधार मला सापडलेला नाही.

घणसोलीकर:
राग मुळीच नाही, ताई. कार्यालयातील आम्हा चौघांचा पगार १ तारखेला थेट खात्यात जमा होतो. कामगारांना ते दरवाजाबाहेरूनही कळते, कारण त्या दिवशी चहा आमच्याकडून असतो. या बाजूने मी विचार केला नव्हता, आणि आता तोच सर्वांत मोठा भाग वाटतो आहे.

सोमवारी मालकाशी बोलताना तीन गोष्टी मांडणार आहे. जेवढी रक्कम हाती असेल त्यातून आधी कारखान्यातील, त्यांतही सर्वांत कमी पगाराच्या माणसांचे पैसे जावेत आणि कार्यालयाचे त्यानंतर. माझ्या वाट्याचा उशीर मला मान्य आहे, मात्र इतर तिघांच्या वतीने मी शब्द देऊ शकत नाही, त्यांना आधी विचारीन. सह्या आणि तारीख पैसे दिल्याच्याच दिवशी व्हावी. आणि थकबाकीची वसुली माझ्याकडे द्यावी. उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर क्रमांक छापलेला नाही, हे आजच पाहिले. नोंदणी जुनी आहे. तीत उत्पादक अशी नोंद आहे की व्यापारी, हे कसे तपासावे?

वागळे उद्योजक:
उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसायाच्या रकान्यात उत्पादन, सेवा की व्यापार हे लिहिलेले असते. व्यापार असे असेल तर उशिराच्या पैशांबाबतचे हे संरक्षण मिळत नाही, म्हणून पोर्टलवर आधी दुरुस्ती करून घ्या आणि मगच कंपन्यांना पत्रे पाठवा. पत्राचा मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, मी आमच्याकडचा टाकतो.