रात्रीची बदलापूर लोकल : रिकामा लेडीज डबा की जनरल?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या नणंदेला घाटकोपरला नोकरी लागली आहे, एका बुकिंग ऑफिसात. शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०, घर बदलापूरला. जातानाच्या गर्दीचं आम्हाला काही वाटत नाही, जन्म गेला त्यात. प्रश्न परतीचा आहे. डोंबिवलीपर्यंत लेडीजमध्ये बायका असतात, कल्याणला डबा रिकामा होतो. पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूर येईस्तोवर ती एकटी, फार तर आणखी एखादी. डब्यात रात्री पोलीस किंवा होमगार्ड असायला हवा, पण तो कधी दिसतो, कधी नाही, असं ती म्हणते.

सासूबाईंचं म्हणणं, काही झालं तरी लेडीज सोडायचा नाही. ती म्हणते, कल्याणला उतरून जनरलमध्ये चढते, तिथे निदान चार माणसं असतात. मला तिचं पटतं. डब्यात बाईच नसेल तर बाहेरच्या पाटीचा काय उपयोग? पण जनरलमध्ये त्या वेळी पिऊन आलेलेही असतात, हेही खरंच.

रोज उशिरा जाणाऱ्यांनो, कल्याणनंतर तुम्ही काय करता? फर्स्ट क्लासच्या पासने फरक पडतो का? (तो डबा एवढासा, मला तर उलट जास्त भीती वाटते.) १३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर लावला तर खरंच कुणी येतं का? ‘नोकरी सोड’ हे घरात सांगून झालंय, तो सल्ला कृपया नको.

कर्जतवाली :
कल्याणला धावतपळत डबा बदलायला सांगू नका हो, तिथेच पाय घसरायचा. लेडीजला लागून जाळीपलीकडे जनरल असतो, त्या जाळीजवळ बसायचं. दाराशी नाही, कानात इयरफोन नाही. काही डबे चोवीस तास बायकांचे असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच, म्हणून पाटी वाचूनच चढायचं. १३९ लावताना डबा आणि पुढचं स्टेशन आधी सांगायचं, कारण मदत येते ती पुढच्या फलाटावर. १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा नंबरही फोनमध्ये ठेवा. फर्स्ट क्लासबद्दल तुमच्याशी सहमत.

तिसरी_सीट :
डब्याचं राहू द्या, आधी ऑफिसला विचारा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची असते. २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी हा कायदा लागतो (२०२५ च्या बदलाआधी ही अट १० ची होती). शिफ्ट १० ला सुटते ना? मग अर्ज लेखीच द्या. तोंडी विचारलं की ‘बघू’ म्हणतात.

धागाकर्ती :
दोघांचे आभार. ऑफिसात पंचवीसतीस जण आहेत, म्हणजे कायदा लागू होतो. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. अर्ज आज रात्रीच लिहायला बसतो. ऑफिसची गाडी मिळेपर्यंत जाळीजवळची सीट. आता आणखी एकच : बदलापूरला उतरल्यावर पूर्वेला अकरानंतर शेअर रिक्षा मिळते का, की स्पेशलच करावी लागते? तिथलं कुणी असेल तर सांगा.