डीएचसीपीतल्या 'लीज'ला मराठीत काय म्हणावं?

क्लासच्या पोरांसाठी डीएचसीपीवर, म्हणजे नेटवर्कमधल्या मशीन्सना आपोआप आयपी पत्ते देणाऱ्या पद्धतीवर, मराठीत नोट्स लिहितोय. त्यात पत्ता ठरावीक वेळेपुरता मिळतो, ती लीज. व्हर्च्युअलबॉक्सवर (एका कॉम्प्युटरात आभासी मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) दोन मशीन्स इंटर्नल नेटवर्कने जोडायच्या, तिथे आयपी वाटायला आपणहून कुणी नसतं म्हणून एका मशीनला १९२.१६८.५०.१ हा कायमचा आयपी दिला, तिच्यावर डीएनएसमास्क हा डीएचसीपी सर्व्हर टाकला, रेंज .१० ते .५० आणि लीज १२ तास. सगळं लिहून झालं आणि 'लीज'पाशी गाडी अडली. भाडेपट्टा म्हणावं तर भाडं कोण भरतंय, आणि 'पत्त्याचा पट्टा' वाचताना जीभ अडखळते.

> 'मुदत' लिहा की सरळ. पत्ता बारा तासांच्या मुदतीने मिळाला, कुणालाही कळेल.

> मुदत म्हणजे नुसता काळ झाला हो. लीजमधे वाढवून मागणं पण येतं ना, निम्मी वेळ सरली की मशीन त्याच सर्व्हरला विचारतं अजून राहू का, त्याने दाद दिली नाही तर ८७.५ टक्के वेळ गेल्यावर जो कोणी सर्व्हर ऐकेल त्याला विचारत सुटतं. अकरा महिन्यांचा करार संपत आला की आमची हीच धावपळ असते, म्हणून माझं मत 'करार'.

> आमच्या गावाकडे असतं तर 'खंडाने दिला' म्हणाले असते :) आणि मॅक अॅड्रेसला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधून एकच आयपी ठेवला तर कूळ लागलं म्हणायचं. फक्त १ एप्रिल १९५७ ला कुळं जमिनीची मालक झाली तसं इथे होत नाही, पत्ता शेवटपर्यंत सर्व्हरचाच.

> 'आयपीचं वाटप' मात्र नको. वाटप प्रसादाचं, एकदा हातावर पडला की परत कोण मागतो?

हे पटलं, वाटप खोडलं. 'पत्ता मुदतीवर देतो' असं क्रियापदात लिहितो, नाम लागेल तिथे लीजच राहू दे, पोरांना पुढे लीज फाइल उघडून बघायचीच आहे. आता अजून एक, काल दुसऱ्या मशीनवर म्हणजे विंडोजवर १६९.२५४ वाला आयपी आला, अर्धा तास डीएनएसमास्कला शिव्या घातल्या आणि निघालं काय तर इंटर्नल नेटवर्कचं नाव एकीकडे 'लॅब' आणि दुसरीकडे 'लॅब१', म्हणजे मशीन्स जोडलेल्याच नव्हत्या. सर्व्हर सापडला नाही की मशीन स्वतःच उचलतं त्या पत्त्याला काय म्हणायचं?

> स्वयंघोषित!