मदत हवी आहे: जर्सीवर ‘इसाक ९’ छापायला देऊ की थांबू? (लिव्हरपूलवाल्यांनो, लवकर सांगा)

विश्रामबाग_कॉप | २६ ऑगस्ट २०२५, सकाळ

मंडळी, काम तातडीचं आहे म्हणून आधी अडचण सांगतो.

सांगलीत विश्रामबागेला टर्फवर खेळणारी आमची टीम आहे, सगळे इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे चाहते. १४ सप्टेंबरच्या रविवारी स्पर्धा आहे आणि नव्या जर्सी टाकायच्यात. प्रिंटिंगवाल्याकडे सध्या मंडळांच्या टी-शर्टचा ढीग पडलाय. तो म्हणतो, गौरी यायच्या आत नावं-नंबर द्या, नाहीतर अनंत चतुर्दशीनंतर बघू. त्याचं ‘बघू’ म्हणजे थेट नवरात्र.

बाकी सगळ्यांची नावं ठरली. सलाह, व्हॅन डाइक, विर्ट्झ, दोघांत भांडण होऊन एकिटिके. आमचा स्ट्रायकर मात्र अडून बसलाय, त्याला ‘इसाक ९’च पाहिजे. इसाक हा स्ट्रायकर अजून न्यूकॅसल क्लबचा आहे हे त्याला दहादा सांगून झालं. त्याचं म्हणणं, नुन्येझ अल हिलालला गेल्यापासून ९ नंबर रिकामा आहे, एकिटिकेला २२ दिला, मग ९ कुणासाठी ठेवलाय? मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर पैसे लावायचे का?

ग्रुपवर उभे दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोरगा प्रॅक्टिसला जात नाही, इन्स्टाग्रामवर क्लबशी संबंध तुटल्याचं लिहून मोकळा झालाय, आता येणारच. दुसरा म्हणतो, १ ऑगस्टला ११ कोटी पौंडांची ऑफर न्यूकॅसलने परत पाठवली, त्यांच्यामागे सौदीचा पैसा आहे, त्यांना विकायची गरज काय? नाव छापलं आणि तो आला नाही तर स्पर्धेत मिरजेची टीम आम्हाला जगू देणार नाही.

माझं मत विचाराल तर आपल्याला स्ट्रायकर नकोच आहे, बचावातला स्टॉपर पाहिजे. कम्युनिटी शिल्डमध्ये क्रिस्टल पॅलेसकडून दोन गोल खाल्ले, बोर्नमथकडून घरच्या मैदानावर दोन, आणि काल रात्री न्यूकॅसलकडून पुन्हा दोन, तेही गॉर्डनला रेड कार्ड मिळून ते दहाजण उरलेले असताना. ०-२ वरून २-२! शंभराव्या मिनिटाला त्या न्गुमोहाने गोल मारला म्हणून आज आपण हसतोय. सतरावं पुरं व्हायला अजून तीन दिवस आहेत पोराला. गोल मारणारे आहेत हो आपल्याकडे. क्वान्साला लेव्हरकुसेनला विकलं, कोनाटेचा करार पुढच्या जूनला संपतोय, गोमेझ बरा असेल तेव्हा बरा. पॅलेसच्या मार्क गेहीचाही करार शेवटच्या वर्षात आहे, म्हणजे स्वस्तात सुटेल. तेराशे कोटी रुपये एका स्ट्रायकरवर घालवण्यापेक्षा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भिंत उभी राहील. पण हे ग्रुपवर बोललो की मला ‘म्हाताऱ्या’ म्हणतात.

तर विचारायचं हे: इसाक येतोय का, हे ओळखायची काही खूण असते का? आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मी प्रिंटिंगवाल्याला काय सांगू?

मॅगपाय_मिरज | २६ ऑगस्ट

मिरजेच्या टीमचं नाव निघालं म्हणून आलो, मी न्यूकॅसलवाला. भावा, आम्ही हसणार ते हसणारच, तू काहीही छाप.

पण इसाकबद्दल तुमच्या ग्रुपवर जे चाललंय ते वाचून डोकं फिरतं. २०२२ मध्ये आम्ही त्याला रेआल सोसिएदादकडून ६.३ कोटी पौंडांना आणला, क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी खरेदी. गेल्या मोसमात लीगमध्ये २३ गोल. मार्चमध्ये वेम्बलीवर कॅराबाओ कपच्या फायनलला तुमच्याविरुद्धच गोल मारला त्याने, विसरलात? करार २०२८ पर्यंत आहे. आणि आता घरात बसून रुसायचं, हे कुठलं?

आम्ही बदली स्ट्रायकर बघितला नाही असं नाही. एकिटिके बघितला, तो तुम्ही उचलला. सेस्को बघितला, तो मँचेस्टर युनायटेडला गेला. आमची माणसं उचलायची, आमची बदलीची माणसंपण उचलायची आणि वर विचारायचं की विकत का नाही. व्वा.

हिशोबनीस | २६ ऑगस्ट

‘सौदीचा पैसा आहे, गरज काय’ हे अर्धंच खरं. मालक श्रीमंत असला तरी प्रीमियर लीगच्या नियमाने तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही. त्याच पायी २०२४ च्या जूनमध्ये न्यूकॅसलला इलियट अँडरसन आणि मिंटेह घाईघाईने विकावे लागले. एव्हर्टन आणि फॉरेस्ट यांचे २०२३-२४ मध्ये गुण कापले गेले ते याच नियमावर.

आता इसाकचा हिशोब. खरेदीची रक्कम वहीत एकदम पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते. ६.३ कोटी सहा वर्षांत वाटले तर आज तीन वर्षांनी निम्मे, म्हणजे ३.१५ कोटी शिल्लक. १२ कोटींना विकला तर ८.८५ कोटी यंदाच्याच वहीत नफा. विकणाऱ्याला नफा लगेच, घेणाऱ्याला खर्च हप्त्याने. म्हणून असे सौदे शेवटी होतात.

तुमच्या बाजूने बघा. लिव्हरपूलने १२ कोटी दिले तरी वर्षाला २.४ कोटीच पडतील, कारण वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांत करता येते. चेल्सीने मुड्रिकला साडेआठ वर्षांचा करार देऊन हप्ता बारीक करून घेतला होता, त्यानंतर ही पाच वर्षांची खुंटी मारली. शिवाय तुम्ही यंदा डियाझ, नुन्येझ, क्वान्सा विकलेत. क्वान्सा तर अकादमीतला, त्याची वहीतली किंमत शून्य, आलेला सगळा पैसा नफा. आणि गेल्या वर्षी विकत घेऊन त्याच मोसमात खेळायला आलेला एकटा चिएसा, म्हणजे तेव्हा खर्चही कमी. क्लबकडे जागा आहे.

नवीन स्ट्रायकर न्यूकॅसलला मिळाला की इसाक सुटेल, त्याआधी नाही. तुम्ही लिव्हरपूलच्या बातम्या वाचत बसू नका, न्यूकॅसल कुणाला घेतंय ते बघा.

मॅगपाय_मिरज | २६ ऑगस्ट

अँडरसनचं नाव काढून जखमेवर मीठ चोळलंत. घरचा पोरगा होता तो. वहीत नफा दिसावा म्हणून घरचा पोरगा विकायचा, असला कसला नियम?

साताऱ्याचा_रेड | २६ ऑगस्ट

कॉपवाल्या, तुझं गेहीचं बरोबर आहे पण निम्मंच. गेल्या मोसमात सलाहने २९ गोल मारले म्हणून आपण लीग जिंकलो. तो आता ३३ चा आहे आणि डिसेंबरात आफ्रिकन कपला जाणार. तेव्हा गोल कोण मारणार? एकिटिके चांगला आहे, पण २३ वर्षांच्या पोरावर सगळा भार टाकून चालतं का? इसाक २५ चा आहे, पाच वर्षं निघतात.

आणि दोघांपैकी एकच का? दोघेही घ्या म्हणतो मी. आपल्या खिशातून जातंय का?

विश्रामबाग_कॉप | २६ ऑगस्ट

@हिशोबनीस, हे असं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. तुमचा मेसेज ग्रुपवर टाकला, आता दोन्ही तट त्यातलं आपापल्या सोयीचं वाक्य घेऊन भांडताहेत.

@साताऱ्याचा_रेड, दोघे आले तर मी स्वतः साताऱ्याला येऊन कंदी पेढे घेऊन सगळ्यांना वाटीन. पण खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या आठवड्यात दोन मोठे सौदे होत नसतात, एकावरच जोर लागतो, आणि तो जोर पुढच्या फळीवर लागतोय हेच माझं दुखणं आहे.

अजून एक भाबडा प्रश्न. आमचा स्ट्रायकर म्हणतो की हार्दिक पंड्या जसा गुजरातकडून मुंबईला ट्रेडमध्ये आला तसं दोन क्लबांचं जमलं की विषय संपला. तसंच असतं का इथं?

खासबाग_ते_ॲनफील्ड | २७ ऑगस्ट

आधी गणपती बाप्पा मोरया. कोल्हापुरातून लिहितोय, म्हणजे फुटबॉलवर बोलायचा हक्क आपोआप आहेच.

नाही, तसं नसतं. आयपीएलमध्ये पर्सची मर्यादा असते, इथे तशी पर्स नसते, पण पायऱ्या जास्त. दोन क्लबांचं रकमेवर जमलं पाहिजे, खेळाडूचं पगारावर जमलं पाहिजे, मग मेडिकल म्हणजे डॉक्टरी तपासणी, मग कागद लीगकडे वेळेत. यातली कुठलीही पायरी निसटते. २०१५ ला डे हेया युनायटेडकडून रेआल माद्रिदला जवळजवळ गेला होता. कागद उशिरा पोचले आणि गडी २०२३ पर्यंत मँचेस्टरलाच राहिला. त्या रात्री कुणी माद्रिदची जर्सी छापली असेल तर त्याचं काय झालं असेल बघ.

विंडो म्हणजे खरेदी-विक्रीची मुदत १ सप्टेंबरला तिकडच्या संध्याकाळी सातला बंद होते, आपल्याकडे रात्री साडेअकरा. त्याआधी ‘डील शीट’ नावाचा कागद दाखल केला तर आणखी दोन तास मिळतात. म्हणजे आपल्या दीड वाजेपर्यंत काहीही होऊ शकतं.

खूण विचारलीस. ‘बोलणी सुरू’, ‘इच्छुक’, ‘चाचपणी’ या बातम्यांना किंमत शून्य, त्यातल्या बऱ्याच एजंटच पेरतो. लिव्हरपूलसाठी पॉल जॉइस, एकूणात ऑर्नस्टीन, हे दोघं पत्रकार ‘रकमेवर एकमत’ म्हणाले की अर्धं झालं. फाब्रिझिओ रोमानोचं ‘हियर वी गो’ आलं की बरंचसं झालं. मेडिकलला गेल्याची बातमी आली की छापायला द्यायचं. पण जर्सी हातात धरलेला फोटो येईपर्यंत आईशप्पथ काही खरं नाही.

फ्लेक्सवाला | २७ ऑगस्ट

मी प्रिंटिंगच्याच धंद्यात आहे, साताऱ्यात. तुम्ही सगळे इंग्लंडची वही तपासताय, इकडे अडचण कापडाची आहे.

तुमची जर्सी सब्लिमेशनची असणार. म्हणजे पांढऱ्या पॉलिस्टरवर लाल रंग, पट्टे, नंबर सगळं कागदावरून एकदम दाबून चढवतात आणि मग शिवतात. त्यात नाव आधीच टाकावं लागतं, मागाहून टाकता येत नाही. पण नाव वेगळं डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापलेल्या स्टिकरने चढवता येतं, हीट प्रेसवर दहा मिनिटांचं काम. तर असं करा: ९ नंबर सब्लिमेशनमध्येच टाका, तो कुणाचाही असू शकतो. नावाची पट्टी कोरी सोडायला सांगा. २ तारखेला सकाळी जे नाव असेल ते चिकटवा.

एक सांभाळा. लाल पॉलिस्टरवर प्रेस जास्त तापवला तर कापडातला लाल रंग वर येऊन पांढरी अक्षरं गुलाबी होतात. लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसतं. त्याला सांगा, तापमान १३० च्या आसपास ठेव आणि रंग अडवणारी फिल्म वापर. ‘होतंय की’ म्हणाला तर आधी एका चिंधीवर करून दाखव म्हणा.

विश्रामबाग_कॉप | २७ ऑगस्ट

दादा, तुमचे पाय कुठे आहेत? ग्रुपवर सगळ्यांनी मान्य केलं, अगदी स्ट्रायकरने सुद्धा. आज आरती झाल्यावर प्रिंटिंगवाल्याकडे जाऊन आलो. फिल्म म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारलं फक्त.

साताऱ्याचा_रेड | ३० ऑगस्ट

न्यूकॅसलने स्टुटगार्टचा वोल्टेमाडे घेतला!! हिशोबनीस, तुम्ही ज्योतिषी आहात का?

मॅगपाय_मिरज | ३० ऑगस्ट

साडेसहा फुटाचा आहे आमचा नवा. घेऊन जा तुमचा रुसलेला.

विश्रामबाग_कॉप | २ सप्टेंबर, पहाटे

झालं. इसाक, १२.५ कोटी पौंड, ब्रिटनमधला विक्रम, सहा वर्षांचा करार, नंबर ९. काल घरी गौरीचं जेवण, पाहुण्यांनी घर भरलेलं, मी मोबाईल ताटाखाली ठेवून. आमच्या स्ट्रायकरने ग्रुपवर जे काही टाकलंय ते इथं लिहिता येणार नाही.

गेहीचं मात्र शेवटच्या तासात फिसकटलं. ३.५ कोटींवर जमलं होतं, मेडिकलही झालं, आणि पॅलेसला त्याच्या जागी माणूस मिळेना म्हणून त्यांनी हात आखडला. पायऱ्यांचं जे वर लिहिलंय ते डोळ्यांनी बघितलं. आता जानेवारीपर्यंत व्हॅन डाइकच्या गुडघ्यांवर भरोसा. मी अजूनही म्हणतो, आपण उलटं केलं. पुढच्या महिन्यात कोण म्हातारा ते कळेल.

@साताऱ्याचा_रेड, पेढे तेवढे वाचले.

खासबाग_ते_ॲनफील्ड | २ सप्टेंबर

अभिनंदन करू की सांत्वन, कळेना. पण भावा, इसाकला पूर्ण प्री-सीझन सराव नाही, पहिला महिनाभर फार अपेक्षा धरू नको. तुझ्या टर्फवाल्या इसाकलाही हेच लागू.

मॅगपाय_मिरज | २ सप्टेंबर

माझ्याकडे ‘इसाक १४’ लिहिलेली काळी-पांढरी जर्सी आहे, एकदाच घातलेली. सांगलीत कुणाला हवी असेल तर अर्ध्या किमतीत देतो. नाव काढता येतं का हो, फ्लेक्सवाले?

फ्लेक्सवाला | २ सप्टेंबर

विकतची ओरिजिनल असेल तर नाव हीटने निघतं, पण खाली अक्षरांचा ठसा राहतो, उन्हात वाचता येतो. त्यापेक्षा आहे तशी ठेवा.

कॉपवाले, तुमचं नाव चढवलं की चोवीस तास जर्सी धुवायची नाही. नंतर उलटी करून गार पाण्यात, पिळायची नाही. इस्त्री अक्षरांवर फिरवलीत तर माझ्याकडे येऊ नका.

विश्रामबाग_कॉप | २ सप्टेंबर

लिहून घेतलं. १४ तारखेला मिरजवाल्यांशी पहिलीच मॅच पडलीय. निकाल इथंच टाकतो.